चढ म्हणजे उत्तर : ऑगस्टच्या क्योटोत सायकलवर

"मामा, ऑगस्टमध्ये येऊ नकोस," असं भाचीनं मला तीनदा बजावलं होतं. ती दोन वर्षं क्योटोत शिकतेय, म्हणजे तिचं ऐकायला हवं होतं. पण माझी रजा ऑगस्टमधलीच होती, आणि १६ ऑगस्टची रात्र मला तिथे काढायची होती. ती का, ते त्या दिवशीच्या हकिकतीत येईलच.

क्योटोला पूर्व, पश्चिम आणि उत्तर अशा तीन बाजूंनी डोंगर आहेत. दक्षिण तेवढी उघडी. त्यामुळे उन्हाळ्यात हवा आत येऊन बसते ती उठत नाही. पारा ३७-३८ वर, शिवाय दमटपणा. पुण्याचा एप्रिल आणि मुंबईचा मे एका भांड्यात घालून वर झाकण ठेवावं तसं.

अशा हवेत सायकल कशाला, असं कुणीही विचारेल. बस पर्यटकांनी गच्च भरलेल्या असतात, हे एक उत्तर. दुसरं असं की मी सायकलींच्या पुण्यात वाढलो. बाबा सदाशिव पेठेतून खडकीच्या दारूगोळा कारखान्यात सायकलनं जायचे, डबा हँडलला अडकवून. ते पुणं केव्हाच गेलं. क्योटोत अजून आज्या भाजी आणायला सायकलवर जातात, हे भाचीनं सांगितलं होतं, आणि ते मला बघायचं होतं.

दिवस पहिला, १५ ऑगस्ट

सायकल आदल्या संध्याकाळीच घेऊन ठेवली होती. दुकानदार सत्तरीच्या पुढचे, गळ्यात पांढरा टॉवेल. त्यांनी आधी माझी उंची बघितली, मग पोट बघितलं, आणि कोपऱ्यातली एक दणकट सायकल ओढून काढली. पुढे तारेची मोठी टोपली, मागच्या चाकाला कडीचं कुलूप, आडवा दांडा नाही. या प्रकाराला तिथे 'मामाचारी' म्हणतात.

"मामा, तुझ्या नावाचीच निघाली," भाची म्हणाली. जपानी बोलीत मामा म्हणजे आई, आणि चारी म्हणजे सायकल. आयांनी पोरं आणि भाजी वाहायची ती मामाचारी. आजोबांनी सीट वर केली, टायर दोन बोटांनी चिमटून बघितला आणि सूचना सुरू केल्या. डावीकडून चालवायची (हे आपल्यासारखंच), चालवताना मोबाइल नाही, छत्री धरायची नाही, बिअर पिऊन बसायचं नाही. शेवटची सूचना माझ्याकडे बघून. घंटी आहे, पण चालणाऱ्यांवर वाजवायची नाही. मग आहे कशाला, असं विचारायचं मी टाळलं.

सकाळी साडेपाचला निघालो. ही वेळ सोडू नका. सहा ते साडेनऊ हेच तुमचे तास, त्यानंतर चार वाजेपर्यंत सावली शोधणं हा एकच उद्योग उरतो. गल्ल्यांमध्ये घराघरासमोर बायका-पुरुष हातात लाकडी पळी आणि बादली घेऊन पाणी शिंपडत होते. उचिमिझु. मी पायडल मारायचाच थांबलो. हा तर सडा! शेण नाही, रांगोळी नाही, पण मनगटाची फेक तीच. ओल्या रस्त्याचा वाससुद्धा तोच. भाचीनं त्यातली गोम सांगितली. आपल्या दारासमोर झाडायचं आणि शिंपडायचं, शेजाऱ्याच्या हद्दीत फार तर फूटभर. अजिबात गेला नाहीत तर माणूसघाणे, आणि त्याचं सगळं अंगण शिंपडलंत तर त्याला टोमणा मारल्यासारखं. मी म्हटलं, म्हणजे पेठेतलेच लोक आहेत हे.

जुन्या राजवाड्याच्या बागेत, गोश्योमध्ये, शिरलो. ७९४ साली राजधानी इथे वसली आणि हजाराहून अधिक वर्षं राहिली. बागेतले रस्ते रुंदच रुंद आणि जाड खडीचे. खडीत सायकल म्हणजे वाळूत बैल. पण भाची सरळ एका रेघेवर जाऊन चालायला लागली. हो, रेघच. खडी बाजूला सरून वीतभर रुंदीची, घट्ट दबलेली एक चाकवाट तयार झालीय. कुणी आखलेली नाही. रोज कामाला, कॉलेजला जाणाऱ्यांनी एकामागून एक त्याच जागी चाक टाकत टाकत ती पाडली आहे. पन्नास माणसं हातात हात घालून चालतील एवढा रस्ता, आणि सायकली सगळ्या त्या वीतभर पट्टीवर. समोरून एक आजी आल्या. आता? दोघांपैकी एकानं खडीत उतरायचं. मी उतरलो, चाक रुतलं, पाय टेकला. आजी मान झुकवून काहीतरी पुटपुटत गेल्या. पुढे एक सुटातला माणूस आला. या वेळी तो उतरला, मी मान झुकवली. बागेतून बाहेर पडेपर्यंत सहा वेळा हे झालं. चार-दोन पावलं खडीत ढकलायला लागू नये म्हणून कुणी अडून बसलेला मी पाहिला नाही. क्योटोतलं माझं आवडतं ठिकाण कुठलं असं विचाराल तर सोन्याचं मंदिर नव्हे, ही रेघ.

बागेच्या पूर्वेला नाशिनोकी नावाचं छोटं देऊळ आहे. तिथल्या विहिरीच्या नळावर चार जण बाटल्या भरत होते. सोमेइ-नो-इ ही विहीर. क्योटोच्या तीन नामांकित पाण्यांपैकी आता हे एकच शिल्लक आहे. पाणी गार आणि गोडसर. तिथले लोक चहासाठी कॅन भरून नेतात. रिकाम्या बाटल्या बरोबर ठेवा. नाहीतर पेयांची यंत्रं कोपऱ्याकोपऱ्यावर आहेतच, पण दिवसाला सात-आठ बाटल्या लागतात आणि सुट्टी नाणी भराभर संपतात. यंत्रातलं घ्यायचंच तर 'मुगिच्या' नावाचं पेय घ्या. भाजलेल्या जवाचं थंडगार पाणी. पहिल्या घोटाला कढईच्या तळाची चव लागते, तिसऱ्या बाटलीपासून सवय होते.

तिथून दोन मिनिटांवर देमाचीचा बाजार. तिथे फुताबा नावाचं १८९९ पासूनचं मिठाईचं दुकान आहे. त्यांचा मामे-मोची म्हणजे चिकट तांदळाचा मऊ लाडू, आत गोड वाटलेली डाळ आणि वरच्या आवरणात अख्खे खारट वाटाणे. गोडात मीठ कसं बसवावं हे त्यांना कळलंय. उकडीच्या मोदकाला चिमूटभर मीठ घालणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. रांग लांब होती, पण भराभर सरकली. त्याच दिवशी खायचे. दुसऱ्या दिवशी दगड होतात.

मोची घेऊन नदीवर गेलो. ताकानो आणि कामो या दोन नद्या इथे मिळतात. आपला मुळा-मुठेचा संगमच, फक्त पाण्यात उतरता येतं. पात्रात मोठमोठे दगड ओळीनं ठेवलेत, काही चक्क कासवाच्या आकाराचे. पोरं त्यांवरून उड्या मारत होती. घारींपासून सावध राहा, अशी चित्रासकट पाटी लागलेली होती. मी ती वाचली, म्हणजे चित्र बघितलं, आणि हसलो. काठावर बसून डबी उघडली, पहिला मोची तोंडापर्यंत नेला, तेवढ्यात मागून कुणीतरी कानाजवळ चादर झटकावी तसा आवाज झाला. बोटांना थंड वाऱ्याचा झोत लागला आणि मोची गेला! ओरखडाही नाही. समोरच्या काठावरचे दोन म्हातारे गालातल्या गालात हसत होते. त्यांच्यासाठी हा रोजचा खेळ. घार मागून येते, समोरून कधीच नाही. भिंतीला किंवा झाडाला पाठ लावून खा.

उरलेली सकाळ जवळच्याच तादासु-नो-मोरी या रानात काढली. शिमोगामो देवळाभोवतीचं हे सुमारे बारा हेक्टरचं जुनं रान, शहराच्या मध्यात. ऑगस्टच्या मध्याला सहा दिवस इथे जुन्या पुस्तकांची जत्रा भरते. झाडांखाली पुस्तकांच्या रांगा, डोक्यावर सिकाडा किड्यांचा कर्कश गजर. भाचीला बोलताना ओरडावं लागत होतं. जपानी अक्षरओळखही नसलेल्या मी तिथे दोन तास काढले. शेवटी क्योटोचा एक जुना घडीचा नकाशा घेतला, ट्रामच्या लाल रेघांसकट. क्योटो महापालिकेच्या ट्राम १९७८ साली बंद झाल्या. विकणाऱ्या बाईंनी वारा घ्यायला कागदी पंखा दिला. तो अजून माझ्याकडे आहे.

दुपारी नूडल्सच्या छोट्या दुकानात झारु सोबा खाल्ल्या. बांबूच्या चाळणीवर थंड नूडल्स आणि बुडवायला सोयासॉसचा रस. कोपऱ्यात टीव्हीवर शाळकरी मुलांची बेसबॉलची मोठी स्पर्धा चालू होती, कोशिएनची. बरोबर बाराला खेळ थांबला. मुलं टोप्या काढून उभी राहिली, मैदानावर भोंगा वाजला. दुकानातल्या बाई हातातली किटली खाली ठेवून स्तब्ध. १५ ऑगस्टला १९४५ साली जपाननं युद्ध थांबवल्याचं जाहीर केलं होतं. आपल्याकडे त्याच तारखेला झेंडावंदन, जिलब्या. मी चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. मिनिट संपलं, बाईंनी किटली उचलून आमच्या उरलेल्या रसात नूडल्स उकडल्याचं गरम पाणी ओतलं. ते प्यायचं असतं. पेजेसारखं लागतं.

शाकाहारी असाल तर एक लक्षात ठेवा. असा रस बहुतेक ठिकाणी सुकवलेल्या माशाच्या पाण्यातच केलेला असतो, ताटलीत मासा दिसला नाही तरी. मी मासे खातो, त्यामुळे माझे अर्धे प्रश्न सुटले.

दुपारी झोपलो. पाचनंतर नदीकाठच्या वाटेनं दक्षिणेकडे निघालो, आणि गंमत म्हणजे पायडल मारावंच लागेना. क्योटोत पत्ते सांगताना चौकाचं नाव घेऊन पुढे 'आगारु' किंवा 'सागारु' म्हणतात. वर जा, खाली जा. आगारु म्हणजे उत्तर, सागारु म्हणजे दक्षिण. नकाशावर सपाट दिसणारं हे शहर खरंच उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरत जातं. दक्षिणेकडच्या तोजी देवळाचा पॅगोडा ५५ मीटर उंच आहे, आणि त्याचं टोक शहराच्या उत्तर टोकाच्या जमिनीइतक्या उंचीवर येतं, असं तिथले लोक सांगतात. बसमधून हे कळायचं नाही. सायकलवर पोटऱ्यांना कळतं. परतीच्या वाटेवर माझ्या पोटऱ्यांना चांगलंच कळलं. निघतानाच वर जा आणि उतरत परत या, असा मार्ग आखा. आम्ही उलटं केलं.

शिजो या बाजारी रस्त्याजवळ नदीवर हॉटेलांनी लाकडी मचाणं काढली होती. उन्हाळ्यात लोक त्यांवर बसून पाण्याचा गारवा घेत जेवतात. दर बघून आम्ही खाली काठावर दुकानातले भाताचे गोळे खाल्ले. पाठ भिंतीला लावून.

आणि इथेच गाढवपणा केला. 'पाच मिनिटांत येतो' म्हणून सायकली एका दुकानाच्या कडेला लावून गेलो. वीस मिनिटांनी आलो तर दोन्ही हँडलांना कागदी पट्ट्या बांधलेल्या, सायकल हलवा म्हणून. अजून थोडा वेळ गेला असता तर गाडीत घालून नेल्या असत्या, आणि शहराबाहेरच्या कोठारात जाऊन काही हजार येन भरून सोडवून आणाव्या लागल्या असत्या. शिजो आणि कावारामाचीच्या बाजारी भागात दिवसा सायकल चालवायलाही बंदी आहे, उतरून ढकलायची. ठरलेले सायकलतळ मात्र भरपूर आहेत. पुढचं चाक खोबणीत घातलं की जरा वेळानं कट् करून कडी बसते. येताना यंत्रात खोबणीचा आकडा दाबायचा, पैसे टाकायचे, कडी सुटते. आकडा लक्षात ठेवा. मी एकदा शेजारच्याची सायकल सोडवली.

दिवस दुसरा, १६ ऑगस्ट

आज पूर्वेकडे, डोंगराच्या पायथ्याशी. केआगेला पोचलो तेव्हा सात वाजले होते आणि शर्ट पिळून काढण्यासारखा. इथे बिवा सरोवराचा कालवा डोंगर फोडून शहरात येतो. राजधानी टोक्योला गेली आणि क्योटो ओस पडायला लागलं, तेव्हा गव्हर्नर कितागाकींनी हा घाट घातला. कामावर नेमलेला इंजिनिअर तानाबे साकुरो नुकताच कॉलेजातून बाहेर पडलेला, वय २१. कालवा १८९० मध्ये पुरा झाला. पुढच्या वर्षी त्याच पाण्यावर वीज तयार व्हायला लागली, आणि १८९५ मध्ये त्या विजेवर जपानमधली पहिली विजेची ट्राम धावली. कालच्या नकाशातल्या लाल रेघांचं मूळ इथलं. पाण्याची पातळी एकदम खाली जाते तिथे होड्या चाकाच्या गाड्यांवर चढवून रुळांवरून उतरवत. ते रूळ अजून आहेत, गवतात.

त्याच कालव्याची एक शाखा नानझेन-जी मठाच्या आवारातून विटांच्या कमानींवरून जाते. ९३ मीटर लांबीची, १८८८ ची. लाकडी देवळांच्या मध्ये ही लाल विटांची कमान आधी डोळ्यांना खुपते, मग तीच बघत बसावंसं वाटतं. मी वर चढून बघितलं. पाणी अजून वाहतंय, जोरात. कमानीखाली गारवा होता. एक मांजर विटेला पोट लावून पडलं होतं, मीही शेजारी पाठ लावली.

ही शाखा पुढे उत्तरेला जाते. म्हणजे शहराच्या सगळ्या नद्या दक्षिणेकडे आणि हिचं पाणी उलट्या दिशेला. तिच्या काठची वाट म्हणजे ती प्रसिद्ध 'तत्त्वज्ञाची वाट', विचारवंत निशिदा कितारो इथून फेऱ्या मारायचे. वाट अरुंद आहे, सायकल हातात धरूनच जावं. तत्त्वचिंतन जमलं नाही. डास फार. वाटेत किसलेल्या बर्फाचा डोंगर खाल्ला, वरून माच्चाचा, म्हणजे हिरव्या चहाचा, पाक आणि गोड लाल चवळी. गोळेवाल्याचा गोळाच, पण ताटलीतला आणि आठपट महाग.

गिनकाकु-जी या देवळाच्या दारापाशी मांडव घातला होता. मी ज्याच्यासाठी आलो होतो ते हे. ऑगस्टच्या मध्यात ओबोन असतो. गेलेली माणसं तीन-चार दिवस घरी येतात अशी समजूत. १६ च्या रात्री शहराभोवतीच्या पाच डोंगरांवर आगी पेटवून त्यांना निरोप देतात. आपला पितृपक्ष सर्वपित्रीला संपतो तसंच, फक्त इथे अख्खं शहर एकाच वेळी निरोप देतं. मांडवात पैसे भरले की लाकडाची एक काडी देतात. तिच्यावर ब्रशनं नाव लिहायचं. त्या सगळ्या काड्या रात्री डोंगरावरच्या आगीत जातात.

"मराठीत लिहिलं तर चालेल का विचार," मी म्हटलं. भाचीनं विचारलं. मांडवातले काका जरा गोंधळले, मग म्हणाले, "ज्यांचं नाव आहे त्यांना वाचता आलं म्हणजे झालं." मी बाबांचं नाव देवनागरीत लिहिलं. शाई लाकडात पसरली आणि शेवटच्या अक्षराचा काना फुगला. काकांनी काडी दोन्ही हातांनी घेऊन ढिगावर ठेवली.

चार वाजता आभाळ फुटलं. असा पाऊस की समोरचं घर दिसेना. भाची निवांत होती, "तासाभरात जाईल." गेला. संध्याकाळी सायकली घरीच ठेवल्या, कारण नदीकाठी त्या दिवशी तिळाएवढीही जागा नसते. कामोच्या पश्चिम काठावर, मारुतामाचीच्या पुलाच्या उत्तरेला साडेसहाला जागा धरली. बसायला काहीतरी न्या, गवत ओलं होतं.

आठला काही मिनिटं असताना आजूबाजूच्या इमारतींचे दिवे एकेक करून मालवले गेले. मग समोरच्या काळ्या डोंगरावर एक ठिणगी, आणि बघता बघता 大 हे अक्षर उमटलं. दाइ, म्हणजे मोठं. अक्षराची एक फाटी १६० मीटर लांब आहे, ७५ चुली एकदम पेटवतात. लोकांनी 'ओ' केलं आणि गप्प झाले. माझ्या पुढच्या बाईंनी हात जोडले. टाळ्या नाहीत, शिट्ट्या नाहीत. याला आतषबाजीसारखं नाव देणाऱ्या बाहेरच्यांवर क्योटोकर चिडतात म्हणे. 'ओकुरिबी' म्हणायचं, निरोपाची आग. शेजारच्या काकांनी उथळ पेल्यात साके, म्हणजे तांदळाची दारू, ओतून त्यात आगीचं प्रतिबिंब धरलं आणि पिऊन टाकलं. असं केलं की वर्षभर आजार येत नाही म्हणे. मलाही थोडी दिली. प्रतिबिंब पकडताना अर्धी सांडली.

पाच-पाच मिनिटांच्या अंतरानं इतर डोंगर पेटले, पण आमच्या जागेवरून ते दिसत नव्हते. अर्ध्या तासात अक्षर तुटत तुटत ठिपके झालं. मी त्या ठिपक्यांत उगाच काही शोधत बसलो होतो. भाची काही बोलली नाही. मग म्हणाली, "आजोबांना चढ जमला असता?"

"खडकीच्या पुलाचा चढ ते न उतरता चढायचे," मी म्हटलं.

दिवस तिसरा, १७ ऑगस्ट

पहाटे त्या डोंगरावर चढलो. गिनकाकु-जीच्या मागून वाट आहे, अक्षरापर्यंत पाऊण तास. पाणी बरोबर न्या, वर काही मिळत नाही. आमच्या आधी बरेच जण पोचले होते, आज्या, शाळकरी मुलं. सगळे चुलींच्या राखेत वाकून कोळसे वेचत होते. हा कोळसा पांढऱ्या कागदात गुंडाळून दारावर टांगला की आजारपण आणि चोर दोन्ही दूर राहतात म्हणे. राख अजून कोमट होती. वरून अख्खं क्योटो दिसत होतं, चौकटीच्या वहीसारखं, आणि मधोमध दोन नद्यांचा इंग्रजी वाय. माझा मोची तिथे गेला.

सायकल परत द्यायला गेलो तर दुकानदार आजोबा टायर चिमटायला वाकले आणि टोपलीतली कागदाची पुडी बघून थांबले. गुडघे गेल्यापासून ते सहा वर्षं वर गेले नव्हते. पुडीत तीन तुकडे होते. एक त्यांना दिला. त्यांनी तो वर्तमानपत्रात गुंडाळून गल्ल्यात ठेवला, माझ्या भाड्यातले पाचशे येन परत केले, मी नको म्हटलं तरी. मग बादली आणि पळी घेऊन ते दारासमोर पाणी शिंपडायला लागले. शेवटची फेक शेजारच्या दुकानाच्या हद्दीत फूटभर गेली, तिथे थांबली.